सशाचं राशन

माझे सासरे नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन घरी आले, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून कुंडलच्या आमच्या घरात पहाटे पाचनंतर कोणी झोपलेलं नाही. उंबऱ्याबाहेर चपला एका रेषेत असतात, दोरीवरचे टॉवेल एका मापाने वाळतात आणि धारेच्या वेळी मामा गोठ्यात आले की म्हैससुद्धा पाय सरळ करून उभी राहते. सून म्हणून मी त्यांना मामा म्हणते. हाक तेवढी नात्याची, बाकी कारभार पलटणीचा.

अशा माणसाने फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी सांगलीहून सशाचं पिल्लू आणलं.

ते हळद घेऊन सौद्याला गेले होते. परत आले तेव्हा एक हात छातीशी धरूनच पायऱ्या चढले. सासूबाईंनी, म्हणजे लीलाबाईंनी, ते बघून हातातला तांब्या तिथेच ठेवला आणि छातीत दुखतंय का म्हणून विचारलं. मामांनी सोप्यात येऊन स्वेटरची चेन खाली ओढली आणि मुठीएवढं पांढरं पिल्लू काढून सतरंजीवर ठेवलं. पिल्लू हललं नाही. आम्हीही कोणी हललो नाही.

"राजेश्वरीसाठी आनलंय," मामा म्हणाले.

राजेश्वरी माझी मुलगी, पाच वर्षांची. तिने आजवर सायकल मागितली होती, कुत्रं मागितलं होतं, एकदा जेसीबीही मागितला होता. ससा तिने कधीच मागितला नव्हता. पण आयता आलेला ससा कोण सोडतं? तिने त्याचं नाव कापूस ठेवलं आणि दहा मिनिटांत सगळ्या आळीला बोलावून आणलं. सासूबाईंनी, ज्यांना मी आत्या म्हणते, त्याला बघून 'उंदीर' एवढंच म्हटलं आणि तांब्या उचलून आत गेल्या.

विकणाऱ्याने मामांना सांगितलं होतं की पिल्लू दीड महिन्याचं आहे आणि काय बी खातंय: गाजर, दूध, पाव, बिस्कीट. ज्या माणसाने तीस वर्षं सरहद्दीवर समोरच्या झुडपावरसुद्धा विश्वास ठेवला नाही, त्याने सांगलीच्या बाजाराबाहेर रंगीत मासे विकणाऱ्यावर ठेवला.

पिल्लाला काय घालायचं, हा प्रश्न आमच्या घरात खरं म्हणजे पडलाच नाही. उसाला खताचा डोस किती द्यायचा यावर आमच्याकडे लागणीपासून तोडणीपर्यंत एकमत होत नाही, पण सशाला काय लागतं हे प्रत्येकाला जन्मापासून माहीत होतं. आत्यांच्या मते लहान जीव म्हटला की दूध. त्यांनी म्हशीचं निरसं दूध वाटीत ओतून पुढे ठेवलं, वर साखर घातली. उंदीर म्हणून काय झालं, घरात आलेल्याला उपाशी ठेवायची आमची रीत नाही. माझे यजमान धैर्यशील दोन किलो गाजरं घेऊन आले. पुरावा म्हणून त्यांनी राजेश्वरीचं चित्रांचं पुस्तक उघडून दाखवलं. त्यात सशाच्या हातात गाजरच होतं. शेजारच्या रंगुबाईंनी कोबीची पानं आणून दिली आणि आपल्या नणंदेच्या घरचा ससा तूप लावलेली चपाती खायचा, अशी माहिती दिली. तो ससा आता कुठे आहे, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, मेला की लगेच.

ते ऐकूनही कोणाचा हात थांबला नाही.

मामांनी जेवणानंतर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने रेघा मारून तक्ता केला. सकाळी सहा वाजता दूध, आठला गाजर, बाराला कोबी, चारला पाव, सातला पुन्हा दूध. वर 'राशन' असं लिहिलं, खाली तारीख टाकून सही केली आणि देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवला.

मला त्या दिवशी एकच वाटलं होतं, ते मी बोलले. म्हटलं, ससा गवत खाणारा जीव, त्याला थोडं गवत घालून बघूया का?

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं माहेर वडूजजवळचं, खटावच्या दुष्काळी पट्ट्यातलं. सहा वर्षांत हे मला कोणी विसरू दिलेलं नाही.

"तुझ्याकडं गवताबिगर काय पिकतंय का?" आत्या म्हणाल्या. "म्हनून तुला गवत सुचतंय. आपल्याकडं देवाच्या दयेनं समदं हाय. गवत खाऊन दिवस काढायची पाळी अजून आली न्हाई."

हा टोमणा मला होता की सशाला, ते मी विचारलं नाही. दोघंही त्या घरात बाहेरून आलेलो, आणि दोघांपुढेही जे वाढलं जाईल ते गुमान खायचं होतं.

दोन दिवस राशन वेळेवर निघालं. पिल्लू पुढ्यात आलेलं थोडंफार खायचं, दुधात तोंड घालायचं, बाकी वेळ खोक्याच्या कोपऱ्यात बसून राहायचं. लेंड्या पहिल्या दिवशी वाटाण्यासारख्या गोल होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा चिखल झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी काहीच नव्हतं. पिल्लू पाठीची कमान करून बसलं होतं, डोळे अर्धे मिटलेले, आणि दात एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज येत होता. पोटाला हात लावला तर हलगीसारखं ताणलेलं.

मामा सहा वाजता दुधाची वाटी घेऊन त्याच्यापुढे बसले. आठ वाजता गाजर घेऊन बसले. नऊ वाजता तेच गाजर किसून घेऊन बसले. एवढ्या वर्षांत त्यांचा हुकूम न मानणारा हा पहिलाच निघाला. राजेश्वरीने कापूस कधी उठणार म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी तिला अंगणात खेळायला पाठवलं.

त्याच सकाळी म्हशीला बघायला गावातले जनावरांचे डॉक्टर आले होते. मामांनी त्यांना सोप्यात नेलं. त्यांनी पिल्लू तळहातावर घेतलं, पोट चाचपलं आणि हळूच खाली ठेवलं.

"सुभेदार, म्हशीचं काय बी इचारा," ते म्हणाले. "ह्याचं समदं पोट माज्या अंगठ्याएवढं. अंदाजानं औषध देऊन मी पाप घेनार न्हाई. सांगलीला न्या, आन् आजच न्या."

मला त्या माणसाचं फार बरं वाटलं. तीन दिवसांत सशाबद्दल 'मला माहीत नाही' म्हणणारा तो पहिला भेटला.

धैर्यशील ऊसतोडीच्या मुकादमाला गाठायला गेले होते, म्हणून गाडी मामांनी काढली. मी मागे खोकं मांडीवर घेऊन बसले. आत जुना टॉवेल आणि बाटलीत भरलेलं कोमट पाणी, म्हणजे पिल्लाला ऊब राहील. सांगलीपर्यंत खड्डा आला की मामा गाडी इतकी हळू करायचे की मागून येणारे उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवून आम्हाला ओलांडून जायचे.

दवाखान्यात डॉक्टर पल्लवी म्हणून तिशीतली बाई होती. बाहेरच्या बाकावर दोन कुत्री, एक पोपट आणि त्यांची माणसं बसलेली. तिने खोक्यात डोकावून बघितलं आणि आम्हाला आधी आत घेतलं. पिल्लाला वजनकाट्यावर ठेवलं, दात बघितले, पोटाला नळी लावून ऐकलं. मग चौकशी सुरू झाली. काय खायला घातलं?

मामांनी खिशातून तक्ता काढून तिच्यापुढे ठेवला. निघताना त्यांनी तो खिळ्यावरून काढून सोबत घेतला होता, हे मला तेव्हा कळलं. कागदपत्रं पूर्ण असली की काम होतं, असा त्यांचा अनुभव असावा.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात गवत कुठंय?" त्यांनी विचारलं.

मामा माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीवरचं कुत्र्याच्या लसीकरणाचं चित्र वाचू लागले.

मग त्या बाईंनी आवाज न चढवता सगळं सांगितलं. पिल्लू दीड महिन्याचं नाही, जेमतेम चार आठवड्यांचं असेल. आईपासून लवकर तोडलेलं. अशा पिल्लाचं पोट आधीच नाजूक असतं, त्यात जागा बदलली, खाणं बदललं. आणल्यावर पहिले काही दिवस ते आधी जे खात होतं तेच थोडं थोडं द्यायचं, आणि वाळलेलं गवत, चोवीस तास पुढ्यात, हवं तेवढं. सशाचं आतडं गवताच्या धाग्यावर चालतं. गवत थांबलं की आतडं थांबतं, आणि मग आत वायू धरतो. म्हशीचं दूध म्हशीच्या रेडकाला. पाव-बिस्कीट कोणालाच नको. गाजर म्हणजे त्याची मिठाई. मोठा झाल्यावर कधीतरी नखाएवढं. पालाही आता नको, दोन-तीन महिन्यांचा झाल्यावर एकेक प्रकार, चिमूटभर, पोट बघून.

मामा हे सगळं ताठ उभं राहून ऐकत होते. खुर्ची होती, पण बसले नाहीत.

"एवढी पिल्लं असतील तिथं. हेच कसं निवडलंत?" बाईंनी सहज विचारलं.

"लय शांत व्हतं."

"शांत नव्हतं हो, अशक्त होतं. निरोगी पिल्लू अनोळखी माणसाच्या हातात टिकत नाही, उडी मारतं."

मामांनी मान हलवली.

तिने सुई टोचली, पोटातला वायू सुटायचं औषध दिलं, आणि गवताची पूड पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने कशी भरवायची ते दाखवलं. दर तीन तासांनी थोडं थोडं, घाई करायची नाही. पुडी दोन दिवस पुरेल एवढी होती. तेवढ्यात चांगलं वाळलेलं गवत मिळवा, म्हणाली. कुठलंही औषध न फवारलेलं. आणि मग हसून म्हणाली, "तुम्ही तर शेतकरी. गवताची तुम्हाला काय अडचण?"

अडचण काय, ते आम्हाला घरी पोचल्यावर कळलं. 

आमची अकरा एकर जमीन. सगळा ऊस, मधे हळद. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं की हिरवं बघायचं तर इथेच यावं. पण धैर्यशीलना तण खपत नाही. मागच्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या बांधांवर तणनाशक मारून घेतलं होतं; आपल्या बांधावर गवताची काडी दिसणार नाही, असं ते पाव्हण्यांना शिवार दाखवताना अभिमानाने सांगतात. ते खरं होतं. मामा संध्याकाळपर्यंत सगळे बांध पायी फिरले आणि रिकाम्या हाताने आले. शेजारच्या शिवारात तीच गत. गवत असं कुणी ठेवतच नाही तिकडे. जनावरांना उसाचं वाडं, मका, कडवळ; वाळवून गंजी घालायची वेळच येत नाही. वैरणीच्या दुकानात कडबा होता, तो पिल्लाच्या दातापेक्षा जाड. रंगुबाईंनी पुन्हा कोबी देऊ केला.

त्या दिवशी सगळे सोप्यात बसलेले असताना मामांनी विचारलं, आता गवत आणायचं कुठनं.

मी सिरिंज धूत होते. हात पुसून म्हटलं, "आमच्याकडं हाय. दादांनी माळाचं गवत कापून गंजी घातलीया. मारवेल हाय, पवना हाय. फवारायला तिकडं औषध कुनाला परवडतंय?" दादा म्हणजे माझे वडील.

धैर्यशील मोबाईलमध्ये बघू लागले. आत्यांनी पदर सारखा केला. कारण प्रश्न गवताचा नव्हता, जाण्याचा होता.

मामांनी माझ्या माहेरी सहा वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं. आमच्या लग्नात, माझ्याच गावच्या मांडवात, माईकवरच्या माणसाने सत्काराला नावं पुकारताना 'हवालदार नाथाजी' असं पुकारलं होतं. वर दोनदा. तीनशे माणसांसमोर त्यांना दोन हुद्दे खाली उतरवलं होतं. मामांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि त्या दिवसापासून व्याह्याच्या दारात न जाण्याचं ठरवलं. राजेश्वरीच्या बारशाला गेले नाहीत, माझ्या भावाच्या लग्नाला गेले नाहीत, माझी आजी वारली तेव्हाही धैर्यशीलना पाठवलं. राहुटी तुटली तरी बेहत्तर, पण मोर्चा सोडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी उभे होते. मला म्हणाले, चल, वाट तुला ठावं हाय.

पिल्लाला कोण भरवणार, हा प्रश्न आला. धैर्यशीलना सिरिंज धरवत नव्हती. शेवटी आत्यांनी नाक मुरडून पिल्लू मांडीवर घेतलं आणि मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं: किती पाणी, किती पूड, तोंडाच्या कुठल्या बाजूने. तीनदा विचारून घेतलं. उंदरासाठी एवढी काळजी मी पहिल्यांदाच बघितली.

विटा मागे टाकलं, मायणी आली, तसा ऊस संपत गेला आणि दोन्ही बाजूंना पिवळे माळ सुरू झाले. मामा गाडी चालवता चालवता माळाकडे बघत होते. मधेच एकदा विचारलं, ह्यो समदा मारवेल का? मी म्हटलं, ती कुसळ हाय, ती टोचती. मारवेल बारीक असतंय. त्यांनी मान डोलावली. सहा वर्षांत त्यांनी मला कशाबद्दल विचारण्याची ती पहिली वेळ होती.

माझे वडील हरिबा गोठ्यापाशी दोर वळत बसले होते. गाडी बघून उठले, मामांना बघून हातातला दोर टाकला आणि धोतराला हात पुसत पुढे आले.

"या पाव्हणं, या. लय दिसांनी सवड मिळाली म्हनायची," ते म्हणाले. "मी पोरीला दरवेळी इचारतो, तर म्हनती कामात असत्यात. ऊसवाल्याला कुठली सवड?"

मामा गाडीचं दार धरून तसेच उभे राहिले. सहा वर्षं त्यांनी निष्ठेने पाळलेला बहिष्कार समोरच्या माणसाला कळलाच नव्हता. दादांच्या हिशेबी व्याही कामात होते. आणि ते सांगितलं होतं मीच, दरवेळी, कारण खरं सांगून कोणाचं भलं होणार होतं?

मी खाली मान घालून आईकडे घरात गेले.

बाहेर काय बोलणं झालं ते मला आईसोबत चुलीपाशी बसून तुटक तुटक ऐकू आलं. सुरुवातीला पाऊसपाणी झालं, मग हळदीचा भाव. शेवटी मामांनी ससा, दवाखाना, तक्ता सगळं सांगून टाकलं. गवत पाहिजे हे वाक्य बोलायला त्यांनी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात मी पाच भाकरी थापल्या.

दादा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, पिल्लाला पाणी पाजताय ना? मग मामांना घेऊन गंजीपाशी गेले. मी दारातून बघत होते. दादांनी वरचं उन्हाने पांढरं पडलेलं गवत बाजूला सारलं, आतलं हिरवट राहिलेलं उपसलं, मुठीत धरून वास घेतला आणि मामांच्या नाकापुढे धरलं. मामांनीही वास घेतला. मग दोघं खाली बसून काडी न् काडी वेगळी करू लागले. कुसळ निवडून टाकायची, बारीक पानाचं ठेवायचं. दोन तास बसले होते. अकरा एकरांचे मालक आणि तीन एकर कोरडवाहूचे धनी, सशाचा डबा भरत.

चार पोती गच्च भरली. दादांनी काही घेतलं नाही. गवताचं काय घ्यायचं, म्हणाले. जेवायला बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ होती. मामांनी दोनदा वाढून घेतलं. मी बारकाईने बघत होते, तक्रारीचा एक शब्द आला नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत गवताचा गोडसर वास भरून राहिला होता. मायणी ओलांडल्यावर मामा आपणहून बोलू लागले.

"सौद्याला नंबर लागंपतूर दोन तास काडायचं व्हतं. म्हनून बाजाराकडं गेलो. त्येनं पिल्लू हातात दिलं, आन् ते झोपलं. असं, ह्या हातात. मग परत कसं ठेवायचं?"

मी पदरावरची गवताची काडी उचलली.

"डाक्टरीन म्हनली, अशक्त व्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं, इस्वास बसला."

त्यांची नजर रस्त्यावर होती. मीही पुढेच बघत राहिले. या माणसाबद्दल बोलायला माझ्याकडे नेहमी दहा वाक्यं तयार असतात. त्या वेळी एकही सापडलं नाही.

घरी पोचलो तेव्हा सोप्याचं दार आतून लावलेलं होतं. आत्यांनी उघडलं, पण बोटाने गप्प राहायला सांगून. राजेश्वरीला आणि तिच्या मैत्रिणींना त्यांनी रंगुबाईंकडे हाकललं होतं, कारण गलक्याने पिल्लू दचकतंय. तीनदा भरवलं होतं. दोन लेंड्या पडल्या, ही बातमी त्यांनी अशी दिली, जशी नात झाल्याची दिली होती. आम्ही मूठभर मारवेल खोक्यात ठेवलं. पिल्लाने आधी नाक हलवलं. मग बराच वेळ काहीच नाही. मामा गुडघ्यांवर बसले होते, त्यांचे गुडघे दुखतात तरी. शेवटी त्याने एक काडी ओढली आणि ती तोंडात हळूहळू आत जाऊ लागली, कर्र कर्र आवाज करत. ती संपली. दुसरी ओढली.

आत्यांनी पदराने डोळे पुसले आणि गवताची धूळ गेली म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंकडून आणखी पूड आणली आणि पुढचे आठ दिवस सिरिंज आणि गवत दोन्ही चालू होतं, मग नुसतं गवत आणि पाणी. मधे एकदा कापूस स्वतःच्या मऊ लेंड्या तोंडाने उचलून खाताना आत्यांना दिसला आणि त्यांनी अख्खा सोपा गोमूत्राने शिंपडून काढला. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, ससा तसाच असतो, ते त्याला लागतंच. आत्यांचं समाधान झालं नाही, पण खोकं देवघरापासून लांब सरकवण्यावर तह झाला.

मार्चअखेर तो डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर दुप्पट भरला. उड्या मारू लागला, सतरंजीची झालर कुरतडली, धैर्यशीलच्या चार्जरची वायर तोडली. धैर्यशीलनी पुस्तकातलं गाजराचं चित्र तेव्हापासून कोणाला दाखवलेलं नाही. मामांनी नवा तक्ता केला नाही. कोणी पाव्हणा गाजर घेऊन आला की ते गाजर आपल्या हातात घेतात, आभार मानतात आणि त्याच्यासमोर स्वतः खाऊन टाकतात.

जूनमध्ये त्यांनी विहिरीकडच्या दोन गुंठ्यांत मारवेल लावलं. मुळासकटची ठोंबं दादांनी दिली. धैर्यशील म्हणाले, उसाच्या जमिनीत कुणी तण लावतं का, लोक हसतील. मामांनी त्यांना फवारणीचा पंप परत खोलीत ठेवून यायला सांगितलं. श्रावणापर्यंत ते गवत गुडघ्याला लागलं. आता कापसाला रोजचं ताजं तिथलंच आणि वाळवलेलंही तिथलंच. आळीत सगळे माझ्याबद्दल म्हणतात, रेश्मा नशीबवान, सशाच्या निमित्ताने सासर-माहेर एक झालं.

झालं खरं. मामा दर महिन्याला वडूजच्या बाजूला जातात. आधी गवताला जायचे, मग ठोंबांना, मग बियाला. आता निमित्त सांगत नाहीत. सुरुवातीला मला वाटलं, बरं झालं, आपल्यालाही माहेर मिळेल. पण मी माहेरी जाऊन अंथरुणावर पडते न पडते, तोच पहाटे पाचला मामांच्या खाकरण्याचा आवाज येतो. दादांच्या दारातल्या चपला ओळीत लागल्या आहेत. गोठ्यातल्या दोराच्या वेटोळ्यांना मापं आली आहेत. सासुरवास माझ्याआधी गाडीत बसतो आणि पुढच्या सीटवर बसतो. दोघं व्याही दिवसभर माळावर फिरतात आणि संध्याकाळी गवतावर बोलतात. दादा त्यांना पाव्हणं म्हणतात, सुभेदार एकदाही म्हटलेलं नाही, आणि मामांनी ते मनावर घेतलेलं मला दिसलं नाही.

आईने मागच्या वेळी मला स्वयंपाकघरात गाठून दबक्या आवाजात विचारलं, "तुज्या सासऱ्याचं गवत आलंय न्हवं आता रानात?"

मी म्हटलं, आलंय.

"मग?"

मी तिला काय सांगणार? गेल्या महिन्यात मामा मला न विचारता एकटेच गेले आणि तीन दिवस राहून आले.